वापरलेली स्पोर्ट्स बाईक घेताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या फीसाठी दादा दहावीनंतर कामाला लागला. गेल्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून जुनी आर-१५ घेतली. मीटरवरचे थोडके किलोमीटर पाहून आम्ही भुललो.

पण अशी गाडी किती धावली, यापेक्षा कशी धावली हे पाहावे. हँडलची, लिव्हरची टोके व फूटरेस्ट घासलेले असल्यास ती पडलेली असण्याचा संभव फार. पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, स्प्रॉकेटचे दात झिजून अणकुचीदार झाले का, हेही पाहावे. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. गरम इंजिन दोष लपवते. नागपूरच्या उन्हाळ्यात म्हणूनच सकाळी लवकर जावे.

चासी व इंजिन नंबर आरसीशी ताडावेत. आरसीवर कर्जाची नोंद असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ मागावा. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आमच्या आरसीवर ती नोंद होती. कर्ज दादालाच फेडावे लागले. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. पण त्या दिवशी मी गाडीची चमकच पाहत राहिलो.