पोट धरून आलेली माणसं

रात्रीचे साडेनऊ. जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी. दारालगतच्या टेबलाशी ट्राएजच्या, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं ते ठरवणाऱ्या, सिस्टर उभ्या आहेत, हाताशी लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या.

बाकावर एक तरुण कळवळतोय. या कुशीवर, त्या कुशीवर, मग उकिडवा, पुन्हा आडवा. कळ पाठीतून जांघेत उतरतेय, मुतखडा असावा. मित्र टेबलावर हात आपटतात, "सिस्टर, आधी याला घ्या!" नाडी, बीपी, ताप बघून त्या पिवळी पट्टी बांधतात आणि डॉक्टरांकडून वेदनाशामक इंजेक्शन लिहून घेतात. पोराचं दुखणं खरं आहे, त्याला ताटकळत ठेवणं मला पटलंच नसतं.

त्याच्यामागे तिशीतली एक बाई सासूच्या खांद्यावर डोकं टेकून बसलीय. हालचाल नाही, आवाज नाही.

"सकाळपासून पोटात दुखतंय. गॅस धरलाय," सासू सांगते.

सिस्टरांची बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. "ताई, पाळी कधी आली होती?"

"अहो, तिचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या बाळंतपणानंतर."

"त्यांनाच सांगू द्या, मावशी."

"आठ-दहा दिवस वर गेलेत," ती पुटपुटते.

"खांदा दुखतो?"

ती चमकून वर बघते. "आडवं झालं की दुखतो."

नाडी १२६. बीपी १०४. नुसत्या बीपीवर कुणी तिला खुशाल थांबवून ठेवेल. पण तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी बराच वेळ सावरून धरतं. आधी पळू लागते ती नाडी. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की कळ खांद्यात उमटते. आणि नसबंदीनंतरही क्वचित दिवस जातात. गेलेच, तर गर्भ नळीत अडकण्याचा धोका जास्त असतो. लाल पट्टी. दोन्ही हातांना सलाइनच्या जाड सुया, लघवीची तपासणी, रक्तगट, सोनोग्राफी, ऑपरेशन थिएटरला फोन, सगळं एकदमच सुरू होतं. "दहापैकी किती दुखतंय?" याला तिनं चार सांगितलं होतं. सोसायची सवय लागलेल्या बाईच्या या आकड्यावर रंग ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पुढचे आजोबा मधुमेही. पोटाच्या वरच्या भागात जळजळतंय, अंगाला दरदरून घाम. "पित्त आहे," मुलगा म्हणतो. आधी ईसीजी, दहा मिनिटांच्या आत. हृदयाच्या खालच्या भागातला झटका असा पित्ताच्या रूपात येऊ शकतो.

दारातली रांग जरा ओसरते. तरी सिस्टर बसत नाहीत. पिवळ्या पट्टीवाल्यांकडे पुन्हा फेरी मारतात. पट्टी बांधताना होतं तसंच पोट तासाभरानं राहत नाही. एका शाळकरी पोराला आला तेव्हा बेंबीभोवती दुखत होतं.

"बाळा, आता कुठं दुखतंय? एका बोटानं दाखव."

बोट उजवीकडे, खाली जातं. सिस्टर केसपेपरवर वेळ टाकतात, सर्जरीच्या डॉक्टरांना बोलावणं धाडतात आणि बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्या त्याच्या वडिलांना म्हणतात, "दादा, आता त्याला काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही."