बत्तीस बोअरचा दिवस

पहाटे ४.३०, ओझर

कपाटाच्या एका खणात रिव्हॉल्वर, दुसऱ्या खणात कुलपाच्या डब्यात काडतुसं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माझी आडत आहे. शेतकऱ्याची पट्टी पुष्कळदा रोख द्यावी लागते, म्हणून हे लायसन. हत्यार कानपूरच्या कारखान्याचं: .३२ बोअर, सहा काडतुसं, तीन इंची नळी. वरचा खटका सोडला की मधून मोडतं, ही जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरची रीत. सदऱ्याखाली कमरेला लावतो. सवय झाली तरी गाडीत बसताना टोचतंच.

पहाटे ५

कुकडीच्या काठाने निघालो की दोन्ही अंगांना ऊस. ड्रायव्हर नवा आहे, त्यामुळे प्रश्न ठरलेला: "शेठ, वाघरू आडवं आलं तर हे चालंल का?" नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे एक. दुसरं म्हणजे एवढ्याशा नळीने अंधारात, घाबरलेल्या हाताने नेम लागत नाही. आणि लागला तर आणखी वाईट: जखमी होऊन उसात शिरलेलं जनावर सगळ्या शिवाराच्या उरावर बसतं. जुन्नर भागात बिबट्यावर कामाला येतात ती बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं आणि वनखात्याचा फोन नंबर. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथल्या कुणालाही विचारा. हत्यारावरची चर्चा तेवढ्यापुरती थांबते.

सकाळी ७ ते ११

क्रेट, हमाली, तोलाई, आरडाओरडा. कमरेच्या वजनाची आठवणही होत नाही. ते दाखवायचं नसतंच.

दुपारी २, पुणे

काडतुसं घ्यायला बंदुकीच्या दुकानात. भाचा सोबत आहे. दुकानदार आधी लायसन मागतो: एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, दोन्ही आकडे त्यावर लिहिलेले. तो रजिस्टर भरत असताना भाच्याने मोबाइलवर शिकलेलं काढलं. "मामा, बत्तीस काय घेतलीस? नऊ एमएम घ्यायची ना."

नऊ एमएम पोलिसांकडे आणि लष्कराकडे. तुमच्या-माझ्यासाठी ती प्रोहिबिटेड बोअर आहे, .३८ सुद्धा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची सामान्यांसाठी आयातही बंद. उरतं ते मुख्यतः देशातच बनणारं .३२ आणि .२२. अमेरिकेत लोक कॅलिबरवर रात्र-रात्र भांडतात. आपल्याकडे निम्मं भांडण १९५९ च्या शस्त्र कायद्यानेच मिटवून ठेवलंय.

उरलेल्यात मात्र निवड आहे, आणि ती करताना नळीची लांबी विसरून चालत नाही. नऊ एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची, पूर्ण नळीतून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास निघते. माझ्या रिव्हॉल्वरच्या .३२ लाँगची गोळी सहा ग्रॅमच्या थोडी वर आणि वेग सव्वादोनशेच्या आत. जोर तिपटीने कमी, हे भाच्याचं खरं. पण तीन इंचांत दारूला पुरतं जळायला वेळ मिळत नाही. जळायची राहिलेली दारू तोंडाशी भडकते, आवाज वाढतो, वेग घटतो. त्यात रिव्हॉल्वरच्या चक्रात आणि नळीत फट असते, तिथूनही वायू निसटतो. ज्या काडतुसाचा दाब मोठा, त्याचा भडका आणि झटकाही मोठा. .३२ लाँग १८९६ सालचं, कमी दाबाचं. आखूड नळीत त्याचं फारसं बिघडत नाही, हात उसळत नाही, दुसरा बार पहिल्याजवळ पडतो. नेमबाजीच्या सेंटर फायर प्रकारात हेच काडतूस अजून आवडीने वापरतात, ते उगाच नाही.

"मग .३२ चं पिस्तूल?" ते चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही, हा मोठा गुण. त्याचं काडतूस वेगळं, ब्राउनिंगचं, १८९९ चं. गोळी साडेचार ग्रॅमची. पण काडतूस फुसकं निघालं तर स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं. रिव्हॉल्वरचा घोडा पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर. वर्षानुवर्षं खणात पडून राहणाऱ्या हत्याराच्या बाबतीत माझं मत इथेच ठरतं. .२२ तर मी सुचवणारही नाही: ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला, तिथेच दगा व्हायची शक्यता जास्त, आणि गोळी अडीच ग्रॅमची.

दुकानदाराने दोन नावं पुढे केली. २०१४ ची 'निर्भीक': अर्ध्या किलोची, बायकांसाठी म्हणून आणलेली, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. नाव धाडसी, काडतूस तेच. हलकं हत्यार झटका जास्त देतं, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. दुसरी २०२३ ची 'प्रबल': चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरायला सोपी, आणि मारा पन्नास मीटर म्हणे. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून स्वसंरक्षण करायचं तर मी पळेन.

दुपारी ४

परतीच्या वाटेवर खडकी. इथल्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतो. भाच्याने खिडकीतून पाहिलं आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. पुढे चाकणची कोंडी.

संध्याकाळी ७.३०, ओझर

आज संकष्टी. विघ्नहर गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नाही, नारळ-फुलांच्या टपऱ्यांपुढे ही रांग. आधी घरी जाऊन हत्यार कपाटात. जत्रा, मिरवणूक, गर्दीचा मेळा इथे ते नेता येत नाही, ही लायसनचीच अट आहे. लोक ती वाचत नाहीत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर या देवळाला सोन्याचा कळस चढवला म्हणतात. त्या शिखराखाली कंबर मोकळी ठेवून उभं राहायला मला तरी बरं वाटतं.

रात्री ९.४५

चंद्र उगवला, उपास सुटला. दिवसभराच्या घामाने पोलाद गंजतं, म्हणून तेलाचं फडकं फिरवलं. काडतुसं मोजून डब्यात.

"मामा, मला कधी मिळंल लायसन?" एकविसाच्या आत नाही. तोवर त्याला पट्ट्या लिहायला बसवलंय. आज वडगावच्या शेतकऱ्याची तोलाई दोनदा धरली त्याने. सकाळी नारायणगावात तो माणूस यायच्या आत ती पट्टी बदलायची आहे.