हवा कमी, माप नेमकं
पाण्याखालची तयारी : लेखांक ६

रेग्युलेटरचा विषय गेल्या आठवड्यात झाला, आता बीसीडी. तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा अंदमानात हॅवलॉकला हौसेखातर एखादा डाइव्ह केलेल्यांनी हे जॅकेट बहुधा अंगात घातलेलं असतं, पण चालवलेलं नसतं. प्रशिक्षक मागून टाकीची मान धरून असतो. हवा तोच भरतो, तोच सोडतो. ओपन वॉटरच्या, म्हणजे पहिल्या प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये हवा भरायचं बटण पहिल्यांदा आपल्या डाव्या हाती येतं. मग कधी तळाची वाळू ढवळली जाते, कधी नको तेव्हा आपण वर निघतो, आणि थोडे डाइव्ह झाले की खात्रीच पटते की दोष भाड्याच्या जॅकेटचा आहे. तो थोडाफार असतोही. पण दुकानाची पायरी चढण्याआधी हे यंत्र नेमकं किती काम करतं ते पाहू, कारण निवड चुकते ती तिथेच.

बीसीडी म्हणजे पाठीवर टाकी धरून ठेवणारे पट्टे आणि त्यांना जोडलेली हवेची पिशवी. टाकीतली हवा नळीवाटे पिशवीत घेतली की आपण हलके होतो, सोडली की जड. एक लिटर हवा एक लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे साधारण एक किलो भार उचलते. बस, एवढंच.

मग उचलायचं असतं किती? आपल्याकडे बहुतेक डाइव्ह सेंटरवर मिळते ती ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी, २०० बारपर्यंत भरलेली. तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते, आणि हवेलाही वजन असतं. हजार लिटरला सव्वा किलोच्या आसपास. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं म्हटलं तरी तोवर जवळपास दोन किलो हवा आपण बुडबुड्यांच्या रूपाने समुद्राला देऊन टाकलेली असते. डाइव्हच्या शेवटी, टाकी हलकी झालेली असताना, ५ मीटरवर ३ मिनिटं निवांत थांबता यावं एवढं शिसं कमरेला लागतं. सुरुवातीला याच शिशासह आपण दोन किलोंनी जड असतो, आणि तो जादा भार पिशवीतल्या हवेने पेलायचा असतो. त्यात भर वेटसूटची. ३ मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर दोन-अडीच किलो तरंगवतो. खाली गेल्यावर त्याच्या रबरातले बारीक बुडबुडे दाबले जातात आणि ही मदत बरीच आटते. दोन्ही मिळून हिशेब होतो साडेतीन-चार किलोंचा. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी पाच-सहा किलो धरा. कोकण, गोवा, अंदमानच्या कोमट पाण्यात दहा किलो उचलणारी पिशवी पुरते. तेरा किलोंची मिळाली तर मुबलक.

आता दुकानातल्या जॅकेटवरचा आकडा पाहा. पंधरा, अठरा, मोठ्या मापात वीसच्याही वर. दिवाळीला मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तसं आपणही मनात म्हणतो की जास्त असलेलं बरं, सुरक्षिततेसाठी. हे उलटं आहे. २० मीटरवर दाब ३ बार असतो. तिथे पिशवीत असलेली ४ लिटर हवा न सोडता वर आलात तर तिचे १२ लिटर होतात. मोठ्या, सैल पिशवीत हवा कुठल्यातरी कोपऱ्यात दडून बसते. नळी उंच धरून बटण दाबलं की थोडी निसटते, उरलेली दुसऱ्या कुशीला सरकते आणि वर येताना फुगत राहते. शेवटच्या १० मीटरमध्ये दाब थेट निम्म्यावर येतो, त्यामुळे नवशिका हातातून निसटून वर जातो तो बहुधा याच टप्प्यात. तेव्हा पहिला निकाल : आपल्या पाण्यासाठी मोठा आकडा पाहून बीसीडी घेऊ नका. ब्रिटन किंवा कॅलिफोर्नियात राहून थंड पाण्यात ७ मिलिमीटरच्या सुटात उतरणाऱ्या वाचकांचं गणित अर्थात वेगळं आहे; तिथे दाबला जाणारा सूट जाड, म्हणून पिशवीही मोठी लागते.

खरेदीआधी एक चाचणी भाड्याच्या जॅकेटवरच करून घ्या. डाइव्ह संपवून वर आल्यावर, टाकीत ५० बार असताना, पिशवी पूर्ण रिकामी करा, पाय न मारता उभे राहा आणि नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, श्वास सोडला की आपण हळूहळू खाली गेलं पाहिजे. दगडासारखे गेलात तर शिसं जास्त आहे. आणि नवशिक्यांकडे ते जास्तच असतं, कारण गर्दीच्या दिवशी माणूस पटकन खाली जावा म्हणून होडीवर कोणी तरी एक वजन वाढवून दिलेलं असतं. जादा प्रत्येक किलोमागे पिशवीत एक लिटर जादा हवा, आणि ती हवा खोलीनुसार आकार बदलणार. ‘जॅकेट नीट चालत नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात, पैसे न खर्चता.

प्रकार मुख्यत्वे तीन. १९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेंझी यांनी गळ्यात घालायची फुगवट पिशवी आणली. ती माणसाला पृष्ठभागावर उताणं छान ठेवायची, पण पाण्याखाली आडवं राहायला फारशी मदत करायची नाही. आजचं जॅकेट हा पहिला प्रकार; त्यात हवा पाठीबरोबर बगलेखाली आणि कुशीलाही जाते, आणि ते तिच्या पुढच्या पिढ्यांतलं. भाड्याने मिळतं ते बहुधा हेच. वर उभं तरंगताना आरामशीर, खिसे भरपूर. पण पूर्ण फुगलं की बरगड्या आवळतं, आणि हवा कुशीला असल्याने पाण्याखाली शरीर उभट होण्याकडे कल राहतो.

दुसरा प्रकार बॅक-इन्फ्लेट. दिसायला जॅकेटच, पण पिशवी सगळी पाठीमागे. छाती मोकळी राहते, आडवं पोहणं सोपं जातं. पृष्ठभागावर हे तोंडघशी पाडतं अशी याची बदनामी आहे. ती अर्धी खरी. गच्च फुगवलं तर पाडतं. थोडी हवा कमी ठेवून मागे रेललात तर नाही.

तिसरा, बॅकप्लेट आणि विंग. धातूचा एक पत्रा, त्यातून ओवलेला एकसंध पट्टा, आणि मागे अडकवलेली पिशवी. फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्यांनी ही रचना घडवली. कमीत कमी सामान आणि एकाच पट्ट्याची ही पद्धत त्यांच्यातल्या बिल हॉगार्थ मेन यांच्या नावाने ‘हॉगार्थियन’ म्हणून ओळखली जाते. दुकानदार सांगतात की हे पुढच्या टप्प्यावरच्यांसाठी. मला हे पटत नाही. यात एस, एम, एल अशी मापंच नसतात, पट्टा आपल्या अंगावर बेतायचा असतो; पिशवी फाटली तर पिशवीच बदलते, सगळा संच नाही. स्टीलच्या पत्र्याचं वजन अडीच-तीन किलो असतं, तेवढं शिसं कमरेवरून उतरतं. गैरसोयी दोन, पण खऱ्या : पट्टा एकदा नीट बेतायला जाणता माणूस शेजारी बसवावा लागतो, आणि एकसंध पट्ट्याला झटक्यात सुटणारी खांद्याची बक्कलं नसल्याने डुलत्या होडीवर अंगातून काढायला सुरुवातीला वेळ लागतो.

प्रकार कोणताही ठरवा, सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मापाला. छातीचा घेर बघून माप देतात, खरं बघायचं असतं धड. ज्या सुटात उतरणार तोच घालून जा. आधी टाकी लावायला सांगा. रिकामं जॅकेट कुणालाही बसतं. सगळे पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर पाण्यातही येणार. मग हवा भरत जा, जादा दाबाची झडप फुस्स करून उघडेपर्यंत, आणि त्या अवस्थेत पोटभर श्वास घेऊन बघा. अडकला तर माप किंवा प्रकार चुकतोय. पिशवी रिकामी केल्यावरही छातीचा आणि कमरेचा पट्टा आणखी आवळायला जागा उरली पाहिजे. बुटक्या धडाच्या स्त्रियांना पुरुषी मापाचं ‘एस’ गळ्यात मारण्याची पद्धत सर्रास आहे. ते मांड्यांवर आदळतं आणि कमरेचा वजनाचा पट्टा झाकतं. असं घेऊ नका. नाइलाजच असेल तर विंगकडे वळा.

शेवटी डोळे मिटा आणि तीन गोष्टी हाताने शोधा : फुगवायचं बटण, खांद्यावरची हवा सोडायची दोरी, मागे कमरेजवळची दुसरी. ही मागची झडप नसलेलं बीसीडी मी कोणाला सुचवणार नाही, कारण डोकं खाली असताना हवा वर, म्हणजे कमरेकडेच जमते आणि तिथूनच सुटते.

बारीकसारीक गोष्टींत इन्फ्लेटर, म्हणजे फुगवायचं बटण असलेला भाग, साधा घ्या. ज्याच्यातच पर्यायी रेग्युलेटर बसवलेला असतो तो दुकानात आकर्षक वाटतो, पण त्याची नळीची जोडणी वेगळी असते आणि सर्व्हिसिंग वेगळं. आपल्याकडे सुटे भाग मिळायची मारामार. मालवणात शनिवारी सकाळी ती नळी गेली तर दिवस गेला. कोणता ब्रँड, यापेक्षा त्याचं सर्व्हिसिंग मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात कोण करतं, हा प्रश्न आधी विचारा. वजनाचे खिसे दोन्ही हातांनी ओढून बघा. सहज निघाले पाहिजेत, पण आपणहून नाही. सामान अडकवायच्या डी-रिंग धातूच्या असलेल्या बऱ्या. टाकीचा पट्टा नायलॉनचा असेल तर तो कोरडा आवळला की पाण्यात ढिला पडतो आणि टाकी हळूहळू खाली घसरते; तो आधी बादलीत भिजवून मग आवळायचा. हे होडीवरच्या जुन्या पोरांना विचारलं तरी तेच सांगतील.

विमानाने अंदमानला जाणाऱ्यांनी वजनाकडे बघावं. देशांतर्गत प्रवासात अनेकदा १५ किलो सामानाचीच मुभा असते, त्यात चार किलोंचं जॅकेट भारी पडतं. प्रवासासाठीची हलकी बीसीडी दोन-अडीच किलोंत मिळतात. विंग नेणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. तो किलोभराच्या आसपास असतो.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, एक रात्र दिली तर. रात्री गच्च फुगवून ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. शिवणीतून बुडबुडे आले तर सोडून द्या. झडपेतून आले तर बहुधा आतली रबरी चकती बदलून भागतं. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर यायला हवं. मीठ साचून ते अडकलं तर पिशवी आपोआप भरत राहते. अशा वेळी एका हाताने हवा सोडत दुसऱ्या हाताने नळी काढायची असते. नवं असो वा जुनं, ही नळी काढायचा सराव पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात करा. घरी आल्यावर पिशवीच्या आतही गोडं पाणी घालून हलवा, कमरेजवळच्या झडपेतून काढून टाका आणि थोडी फुगलेली ठेवूनच सावलीत टांगा. पावसाळ्यात आपले समुद्र महिनोन् महिने बंद असतात, आणि कोकणातल्या दमट कपाटात घडी घालून ठेवलेल्या पिशवीला आतून बुरशी धरते.

वर्षाकाठी दोन-चारच डाइव्ह होत असतील तर बीसीडी घेऊच नका. मास्क, फिन आणि कॉम्प्युटरवर पैसे घाला, बाकी भाड्याने. त्याहून जास्त होत असतील, तर माझं मत बॅक-इन्फ्लेटला, आणि बसवून देणारा माणूस जवळ असेल तर सरळ विंगला. मात्र पैसे देण्याआधी तेच मॉडेल, तुमच्याच मापाचं, एकदा तरी भाड्याने पाण्यात नेऊन बघा. दुकानदार किंवा डाइव्ह सेंटर त्याला तयार नसेल, तर दुसरीकडे विचारा.

(पुढच्या आठवड्यात : डाइव्ह कॉम्प्युटर)