थकव्यामागे थायरॉईडचे कारण

पुरेशी झोप घेऊनही थकवा जाणवणे, आहार न वाढवता वजन वाढणे, थंडी सहन न होणे ही लक्षणे अनेकदा वयावर किंवा आळसावर ढकलली जातात. मात्र त्यामागे थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया असू शकते.

गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी आयोडीनच्या साहाय्याने टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरावी, यावर त्यांचे नियंत्रण असते. ती कमी पडल्यास चयापचयाची गती मंदावते. अधिक झाल्यास वजन घटते व छातीत धडधडते. उणीव भासताच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे या विकाराच्या निदानासाठी प्रथम रक्तातील टीएसएच तपासले जाते.

भारतातील आठ शहरांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ही न्यूनता आढळली. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक होते. गर्भारपणात उपचार न झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

उपचारासाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते. बरे वाटू लागले तरी वैद्यकीय सल्ल्याविना ती बंद करू नये.