गाडी बंद, तरी बॅटरी खातंय कोण?

फोन रात्री ८० टक्क्यांवर ठेवला आणि सकाळी ५५ वर दिसला, तर आपण काय करतो? सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी युसेज उघडतो. रात्रभर कोणतं ॲप जागं होतं ते तिथे नावानिशी दिसतं. कारमध्येही हीच भानगड होते, फक्त तिथे अशी यादी नसते. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक, आणि गॅरेजवाला म्हणतो, "बॅटरी गेली, नवीन टाका." चार-पाच हजार गेले. महिन्याभराने पुन्हा तेच.

तळवडे आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये जम्पर केबल शोधत फिरणारा माणूस ही काही नवलाची गोष्ट नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस, बाकी घरून काम, म्हणजे गाडी चार-चार दिवस जागची हलत नाही. हलली तरी निगडी ते तळवडे, तेही ट्रॅफिकमध्ये एसी लावून. एवढ्यात अल्टरनेटरला बॅटरी पूर्ण भरायला वेळच मिळत नाही.

थोडं गणित

लहान पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. तुमच्या फोनची ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-अवर, पण व्होल्टेज कमी. त्यामुळे ऊर्जेच्या हिशोबात कारची बॅटरी फोनच्या वीसेक पट भरते.

बंद गाडी पूर्ण बंद कधीच नसते. घड्याळ, रिमोट लॉकचा रिसीव्हर, इमोबिलायझर हे सगळे थोडा थोडा करंट घेतच असतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, म्हणजे अर्धी बॅटरी उतरायला २४ दिवस. पण तोच आकडा ३०० झाला, तर अडीच दिवसांत अर्धी बॅटरी साफ. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी का उठत नाही, ते इथे कळतं. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अशी खाली गेली की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती कायमची कमजोर होते. म्हणजे गळती न शोधता नवी बॅटरी टाकली, तर तीही त्याच वाटेने जाते.

गळती नेहमी तुटक्या वायरमुळेच होते असं नाही. गाडीतले छोटे कॉम्प्युटर कॅन बस नावाच्या नेटवर्कवर एकमेकांशी बोलतात (बॉशने ते १९८६ साली आणलं). गाडी लॉक केली की एकेक करून सगळे झोपतात. एखादा जागा राहून नेटवर्कवर बडबड करत बसला, तर बाकीच्यांनाही झोपू देत नाही. ॲपने वेकलॉक धरून ठेवला की फोनचा प्रोसेसर झोपत नाही, अगदी तसंच.

पकडायचं कसं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळेल. आधी बॅटरीची तब्येत बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू करून १३.८ ते १४.५ दिसले, तर अल्टरनेटर ठीक. इथेच गडबड दिसली तर पुढची खटपट नंतर.

आता करंट. बॉनेट उघडं ठेवा. एक दरवाजा उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दरवाजा लागल्यासारखा वाटेल (नंतर हँडल ओढून लॅच सोडायला विसरू नका, नाहीतर दरवाजा आपटून लॅच वाकेल). स्मार्ट की असेल तर ती घरात, लांब ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर असा जोडलेला असताना गाडी चुकूनही स्टार्ट करायची नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल.

सुरुवातीला आकडा मोठाच दिसेल. घाबरू नका, ४० मिनिटं थांबा. बहुतेक लोक इथेच फसतात: सगळे मॉड्यूल झोपायच्या आत रीडिंग घेतात आणि नसलेल्या गळतीच्या मागे लागतात.

आकडा मोठाच राहिला तर पुढचा प्रश्न, कोणत्या सर्किटमध्ये? जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपसायचा. पण नव्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की झोपलेले मॉड्यूल पुन्हा जागे होतात. त्यापेक्षा केबल परत घट्ट लावा, गाडी पुन्हा झोपू द्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. ज्यातून करंट जात नाही तिथे शून्य. १० अँपिअरच्या फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण ७ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्टला जवळपास १४० मिलिअँपिअर. शाळेतला ओहमचा नियम इतका उपयोगी पडलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

माझ्या टीममधल्या एकाच्या हॅचबॅकने सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या खाल्ल्या होत्या. मीटरवर ३१० मिलिअँपिअर. ऑडिओच्या फ्यूजवर १.९ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे २७०. बाकीचे ४० गाडीचा नेहमीचा खर्च. गुन्हेगार निघाला बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ. अशा स्टिरिओची पिवळी वायर कायम करंटला आणि लाल वायर चावीच्या करंटला जोडायची असते. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टाकल्या होत्या. बटण दाबून स्क्रीन काळी केली की आपल्याला वाटतं बंद झाला, पण त्याच्या हिशोबाने चावी कायम चालूच. लाल वायर योग्य जागी लावल्यावर आकडा ४२ वर आला.

डॅशकॅम, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, जीपीएस ट्रॅकर यांचीही हीच तऱ्हा. ओबीडी पोर्टची १६ नंबरची पिन चावी काढल्यावरही चालू असते, त्यामुळे तिथे लावून विसरलेला ब्लूटूथ डोंगल दिवसरात्र पीत राहतो. पिवळ्या पाटीच्या कॅबमध्ये एआयएस-१४० चा ट्रॅकर असतो. तो काढायचा नाही, पण त्याचं वायरिंग नीट केलंय का ते तपासायला हरकत नाही. आणि गाडी शेताच्या कडेला लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला किंवा हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबलला हात लावायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरचं. आणि आकडा ५० च्या आत येऊनही गाडी सकाळी उठत नसेल, तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. तीन-चार वर्षांची बॅटरी असेल तर नवीन घ्यायची वेळ आली असण्याची शक्यता बरीच आहे.