एक्सप्लेनर : चर्चचा 'सृष्टीचा हंगाम' आणि यवतमाळची फवारणी एकाच वेळी, तरुणांनी यातून काय घ्यायचं?

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस जगभरातल्या अनेक चर्चमध्ये 'सीझन ऑफ क्रिएशन' म्हणजेच सृष्टीचा हंगाम म्हणून पाळले जातात. प्रार्थना होते, झाडं लावली जातात, तरुणांचे गट स्वच्छता मोहिमा घेतात. यवतमाळ जिल्ह्यात नेमकं याच काळात कपाशीवर फवारणी सुरू असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? समजून घेऊ.

हा हंगाम आला कुठून?

१९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख दिमित्रिऑस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. ४ ऑक्टोबर हा निसर्गप्रेमी संत फ्रान्सिस यांचा सण. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिकांसाठीही १ सप्टेंबरचा प्रार्थना दिन सुरू केला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झालं. पर्यावरणाची हानी सर्वांत आधी गरिबांना सोसावी लागते, हा त्याचा गाभा. तरुण बदलाची मागणी करत आहेत, याचीही त्यात नोंद आहे.

महाराष्ट्रात असं काही घडलंय का?

हो, आणि या परिपत्रकाच्या कितीतरी आधी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत बेसुमार बांधकामं आणि टँकरसाठी होणारा पाण्याचा उपसा वाढला. किनारपट्टीवर गोड पाणी जास्त उपसलं, की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरतं. विहिरी खारट होतात आणि बागायती धोक्यात येते. त्याविरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. मोर्चे निघाले आणि त्यात सर्व धर्मांचे लोक उतरले. दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

या चळवळीने चर्चमधल्या उपदेशाला गावच्या विहिरीशी जोडलं. म्हणूनच ती लोकांची झाली.

मग यवतमाळमध्ये 'विहीर' कोणती?

यवतमाळला चर्चची जुनी परंपरा आहे. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. जिल्ह्याचे दोन प्रश्न सर्वांच्या ओळखीचे आहेत.

पहिला फवारणीचा. २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांच्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, औषधांची मिश्रणं आणि अंगावर ना मास्क ना हातमोजे, अशी ती परिस्थिती होती.

दुसरा पाण्याचा. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळ शहराला भीषण टंचाई सोसावी लागली.

तरुणांचे गट काय करू शकतात?

- रविवारच्या उपासनेनंतर १० मिनिटं फवारणीच्या सुरक्षेवर बोलणं : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका, काम झाल्यावर कपडे बदला आणि साबणाने अंघोळ करा.
- वर्गणीतून मास्क, चष्मे आणि हातमोजे घेऊन शेतमजुरांना देणं.
- औषधाचे रिकामे डबे घरात पाण्यासाठी वापरू न देणं.
- विषबाधेची शंका आली, तर रुग्णासोबत औषधाच्या डब्यावरचं लेबल किंवा माहितीपत्रकही दवाखान्यात नेणं, हे प्रत्येक घराला सांगणं.
- चर्चच्या छताचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडणं.

यातलं एकही काम फक्त ख्रिस्ती तरुणांचं नाही. मंदिर, विहार, मशीद किंवा गावातलं गणेश मंडळ, कुणीही हे करू शकतं. कपाशीवरची फवारणी मात्र कार्यक्रमाची तारीख ठरेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे सुरुवात याच रविवारी झालेली बरी.