दहा जणांसाठी मार्गारिटा

टकीला, संत्र्याच्या सालीचे लिकर आणि लिंबाचा रस या तीन घटकांपासून बनणारे मार्गारिटा हे मेक्सिकन कॉकटेल अमेरिकेतील घरगुती मेळाव्यांत फार लोकप्रिय असून, ५ मे रोजी येणारा ‘सिंको दे मायो’ हा त्याचा खास दिवस मानला जातो. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला येथे मेक्सिकन सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला, त्याची ही आठवण खुद्द मेक्सिकोत मुख्यतः पुएब्ला प्रांतात पाळली जाते, तर अमेरिकेत तिला मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या उत्सवाचे आणि पुढे सार्वत्रिक मेजवानीचे रूप आले. एका माणसासाठी हे पेय करणे सोपे आहे, पण दहा-बारा पाहुण्यांच्या प्रत्येक ग्लासात तीच चव राखणे अवघड असते, आणि त्यात जो घटक बहुधा चुकतो त्याचा कृतीत उल्लेखच नसतो. तो घटक म्हणजे पाणी.

मार्गारिटा प्रथम कोणी केली, याविषयी तिहुआना, हुआरेस आणि आकापुल्को या गावांशी जोडलेले अनेक दावे आहेत आणि त्यांपैकी एकही निर्विवाद ठरलेला नाही. छापील पुरावा पाहता, १९३७ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘कॅफे रॉयल कॉकटेल बुक’मध्ये ‘पिकाडोर’ या नावाने हेच तीन घटक एकत्र आलेले दिसतात, आणि डिसेंबर १९५३ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने मार्गारिटाची कृती याच नावाने छापली. मात्र घरच्या यजमानाला अधिक जवळची वाटावी अशी घटना १९७१ सालची आहे. डॅलस येथील उपाहारगृहाचे मालक मारियानो मार्टिनेझ यांच्याकडे गर्दीच्या वेळी ब्लेंडरमध्ये केलेल्या मार्गारिटाची चव दर खेपेस बदलू लागली, तेव्हा त्यांनी मऊ आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून बर्फाळ मार्गारिटा एकसारखी बाहेर पडेल अशी सोय केली. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. मार्टिनेझ यांनी जे यंत्राने साधले, ते घरी थोड्या हिशोबाने साधता येते.

त्याआधी टकीलाविषयी जाणून घेणे आवश्यक आहे, कारण बाटली चुकली तर पुढचा कोणताही हिशोब कामी येत नाही. टकीला ही निळ्या अगावे या वनस्पतीपासून बनते. दख्खनच्या माळावर बांधाला लावले जाणारे घायपात किंवा केकताड, ज्याच्या वाखापासून दोर वळले जातात, ते याच अगावे प्रजातीतले आणि मुळात अमेरिका खंडातूनच आलेले आहे. निळे अगावे पक्व व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. त्यानंतर ‘हिमादोर’ म्हणून ओळखले जाणारे कामगार लांब दांड्याच्या धारदार अवजाराने पाती छाटून मधला गड्डा काढतात, तो भट्टीत शिजवला की त्यातील जटिल कर्बोदकांची साखर होते, आणि त्या गड्ड्याचा गोड रस आंबवून दोनदा ऊर्ध्वपातन केल्यावर, म्हणजे तापवून निघालेली वाफ थंड करून पुन्हा द्रवरूप केल्यावर, टकीला तयार होते. हालिस्को आणि मेक्सिकोतील इतर काही प्रांतांतील ठरावीक क्षेत्राबाहेर बनलेल्या मद्याला हे नाव लावता येत नाही. नियमानुसार ५१ टक्के साखर अगावेची असली तरी टकीला म्हणता येते आणि उरलेली उसाची चालते, म्हणून लेबलावर ‘१०० टक्के अगावे’ असे लिहिलेली बाटलीच घ्यावी. मार्गारिटासाठी लाकडी पिंपात न मुरवलेली ‘ब्लांको’ किंवा निदान दोन महिने मुरवलेली ‘रेपोसादो’ योग्य ठरते. वर्षापेक्षा अधिक मुरवलेल्या महाग टकीलाचा सूक्ष्म गंध लिंबाखाली दबून जातो आणि तो खर्च वाया जातो.

लिंबाच्या बाबतीत मराठी घराला एक नैसर्गिक लाभ आहे, तो असा की मेक्सिकोत वापरले जाणारे लहान, पातळ सालीचे आंबट लिंबू आणि महाराष्ट्रातले कागदी लिंबू या एकाच जातीच्या वनस्पतीची फळे आहेत. बाटलीबंद रस किंवा ‘सोअर मिक्स’ नावाचे तयार गोड-आंबट मिश्रण वापरल्यास या पेयाचा प्राणच जातो. रस त्याच दिवशी पिळावा, कारण काही तासांत त्याचा सुगंध उतरतो. येथे एक इशारा आवर्जून द्यायला हवा. लिंबाच्या रसातील आणि सालीतील फ्युरोकुमरिन ही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर अतिनील किरणांमुळे भाजल्यासारखे फोड येतात व डाग पडतात, म्हणून अंगणात किंवा गच्चीवर उन्हात बसून लिंबे पिळू नयेत आणि पिळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणानुसार एका ग्लासासाठी ५० मिली टकीला, २० मिली संत्रा-लिकर आणि १५ मिली लिंबाचा रस लागतो. हे मिश्रण शेकरमध्ये बर्फासह हलवले जाते तेव्हा बर्फ केवळ गारवा देत नाही. वितळताना तो मिश्रणातील उष्णता शोषतो आणि त्याच वेळी त्यात पाणी सोडतो, आणि हे पाणी मूळ मिश्रणाच्या साधारण चतुर्थांश भरते. त्याच्याविना मद्याची तिखट झळ कमी होत नाही आणि आंबट-गोड चवी जुळून येत नाहीत. मोठ्या भांड्यात दहा ग्लासांचे मिश्रण आधीच करून ठेवणारा यजमान नेमका याच ठिकाणी फसतो, कारण तेथे शेकर नसतो. यासाठी ५०० मिली टकीला, २०० मिली लिकर आणि १५० मिली रस या ८५० मिली मिश्रणात सुमारे २०० मिली थंड पाणी मोजून घालावे आणि भांडे झाकून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. पेय बर्फावर ओतून द्यायचे असेल तर पाणी निम्मे करावे, कारण उरलेले काम ग्लासातील बर्फ करतो. भांड्यात मात्र बर्फ टाकू नये, अन्यथा पहिल्या आणि शेवटच्या पाहुण्याला दोन वेगळी पेये मिळतात. स्वस्त लिकर बहुधा अधिक गोड आणि कमी तीव्र असते, तेव्हा ते वापरताना रस थोडा वाढवून चव पाहावी.

ग्लासाच्या कडेचे मीठ ही केवळ सजावट नाही. मिठातील सोडियम जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबतो आणि त्यामुळे इतर चवी उठून येतात, जसे लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घातल्यावर होते. लिंबाची फोड कडेच्या बाहेरच्या बाजूने अर्ध्याच घेरावर फिरवून ती बाजू जाड्या मिठात टेकवावी, म्हणजे मीठ पेयात पडत नाही आणि मीठ नको असलेल्या पाहुण्याला दुसरी बाजू मोकळी राहते.

टकीला आणि लिकर दोन्ही ४० टक्क्यांची असल्यास एका ग्लासात सुमारे २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते, म्हणजे अमेरिकेत एक प्रमाण पेय मानल्या जाणाऱ्या १४ ग्रॅमच्या दीडपटीहून अधिक. आंबट-गोड चवीमुळे ही तीव्रता पिणाऱ्याला जाणवत नाही, म्हणून ग्लास लहान ठेवणे, सोबत पोटभरीचे खाणे देणे आणि पाहुण्यांच्या घरी परतण्याची सोय आधीच लावणे ही यजमानाची जबाबदारी ठरते. महाराष्ट्रात अशी मेजवानी करताना तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो, हेही लक्षात ठेवावे. न पिणाऱ्यांसाठी लिंबाचा व संत्र्याचा ताजा रस, थोडी साखर आणि सोडा यांचे वेगळे भांडे त्याच मेजावर ठेवावे आणि त्यांच्या ग्लासांनाही मिठाची कड लावावी.